तेवीस नंबरचा बिल्ला

मी आयुष्यभर हजेरी घेतली. म्हणजे नोकरीच ती होती — पिंपरीतल्या एका कंपनीत टाइमकीपर. सकाळी गेटवर उभं राहायचं, कोण आला, कोण उशिरा आला, कोणी कोणाचं कार्ड मारलं ते बघायचं. त्यामुळे भूत, दृष्टांत, देवदूत... असलं काही कोणी सांगायला लागलं की माझे प्रश्न ठरलेले — वेळ काय होती आणि साक्षीदार कोण? आमच्या ख्रिस्ती मंडळींत तर साक्ष देणाऱ्यांची कमी नाही. कोणाला तापात उजेड दिसतो, कोणाला रिकाम्या चर्चमध्ये गाणं ऐकू येतं. मागच्या बाकावर बसून मी हे सगळं वर्षानुवर्षं ऐकलं आणि एकावरही विश्वास ठेवला नाही. आजही ठेवत नाही.

तरी हे लिहितोय. म्हणजे मी सांगतोय आणि नात टाइप करतेय. या सदरातले अनुभव तिने मला वाचून दाखवले आणि म्हणाली, "आजोबा, तुमच्या बिल्ल्याचं पण सांगा की." तिने मध्ये मीठमसाला घातला तर तो माझा नाही.

साल १९७४ च्या आसपासचं. आता आम्ही चिखलीला राहतो, पण तेव्हा चिंचवडला दोन खोल्यांत होतो. आमचं चर्च छोटं, वर सिमेंटचे पत्रे. मंडळी बहुतेक माझ्यासारखीच, नगर-जालन्याकडून कंपन्यांत पोटासाठी आलेली. आणि या चर्चच्या गळ्यात एक लांबचं काम येऊन पडलं होतं... उंबरदऱ्याचं.

उंबरदरा म्हणजे खेडच्या पश्चिमेला डोंगरात एक ठाकरवाडी. राजगुरुनगरला आम्ही तेव्हा खेडच म्हणायचो. खेडहून एसटीने तास-दीड तास जायचं, फाट्यावर उतरायचं आणि पुढे दोन तास चढण. तिथे एका परदेशी मिशनरी मॅडमने पूर्वी दवाखान्याची खोली आणि उपासनेची झोपडी उभी केली होती. पुढे तिला देशात राहायची परवानगी वाढवून मिळाली नाही. ती गेली आणि मागे राहिल्या एस्तेरबाई. मूळच्या जालन्याकडच्या, पन्नाशीच्या, विधवा, नर्सिंग शिकलेल्या. त्या एकट्याच वर राहायच्या. जखमा बांधायच्या, हिवतापाच्या गोळ्या द्यायच्या, बाळंतपणं करायच्या, रविवारी उपासना घ्यायच्या. त्यांना ठेवायचं की काढायचं हे आमच्या चर्चच्या कमिटीच्या हातात होतं.

बाई दर महिन्याला एक तक्ता पाठवायच्या. वरच्या बाजूला रविवारच्या उपासनेला आलेल्यांची नावं आणि खाली डोकी मोजून आकडा. एका रविवारी नावं चौतीस, आकडा पस्तीस. पुढच्या रविवारी नावं एकोणतीस, आकडा तीस. कडेवरची पोरं आणि स्वतःला त्या धरत नसत, तसं खाली लिहिलेलंच असायचं. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, वर्षभराचे तक्ते माझ्यापुढे टाकले. प्रत्येक रविवारी एक जास्त.

"भालेराव, तुम्ही टाइमकीपर," पाळकसाहेब म्हणाले. "तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटणार! चूक असली तर कधी एक जास्त येईल, कधी दोन कमी. नेहमी एकच जास्त येत असेल तर ती चूक नव्हे, सवय. कंपनीत एक कार्ड जास्त पंच झालं की मी समजायचो, कोणीतरी घरी झोपलंय आणि त्याचा दोस्त इथे त्याची हजेरी भरतोय. मी तसंच बोललो.

"एवढ्या साध्या गोष्टीत खोटं, तर बाकीचं किती खरं?" पाळकसाहेब म्हणाले. त्यांना ते काम नकोच होतं, हे मला दिसत होतं. दर दोन महिन्यांनी डोंगर चढायचा, शिवाय खेडच्या सरकारी कचेरीतून कोणी ना कोणी विचारत यायचं की तुम्ही वर नक्की काय करता... त्यांना निमित्त हवं होतं. तरीही मी जायला तयार झालो. खोटी हजेरी पकडण्यात मला मजा वाटायची, हे कबूल केलं पाहिजे.

पहिल्यांदा गेलो तो डिसेंबरातला रविवार. शनिवारी दुपारी खेडहून एसटीत बसलो. माझ्या हातातली गीतांची पुस्तकं बघून कंडक्टर म्हणाला, "वर काय वाटायला चाललाय राव? गहू का धर्म?" सगळी गाडी हसली. मला राग आला, पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेव्हा साधारण हाच संशय होता. दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. लोक उपासनेला कशासाठी येतात आणि बाई त्यांना कशासाठी बोलावतात, हे मी वर जाऊन बघणार होतो.

एस्तेरबाईंनी दारातच "सलाम भाऊ" केला. पांढरं पातळ, पायांत कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. चहा झाला आणि मी सरळ तक्ते काढले.

बाई जराही गोंधळल्या नाहीत. "भाऊ, मी मोजते तेच लिहिते. नावं लिहून झाली की डोकी मोजते, तर एक जास्त भरतं. आधी मी आकडा खोडून नावांएवढा करायचे. मग वाटलं, खोडते तेच खोटं आहे. म्हणून खोडायचं बंद केलं."

"मग तो जास्तीचा कोण?"

"माहीत नाही. बघावं तर सगळे ओळखीचेच दिसतात."

आता सांगा, असं उत्तर गेटवर मला कोणी दिलं असतं तर मी त्याला आत सोडला असता का?

रविवारी सकाळी नऊ-साडेनऊला माणसं जमली. कारवीच्या कुडाची झोपडी, शेणाने सारवलेली जमीन, एकच दार. बाई समोर. मी मागे भिंतीला टेकून उभा. बाईंनी नावं पुकारली, बत्तीस. गीत सुरू झालं आणि मी डोकी मोजली. तेहेतीस. बायकांकडून मोजली, तेहेतीस. पुरुषांकडून मोजली, तेहेतीस. मग उपासना सुटल्यावर दारात उभा राहिलो आणि बाहेर पडणारी मोजली... बत्तीस.

दारापाशी वाळकूबाबा बसलेला होता. वाडीतला सगळ्यात जुना माणूस. बाप्तिस्मा घेतलेला नव्हता, घेणारही नव्हता. गाणं आवडतं म्हणून यायचा. माझी बोटं हलताना बघून म्हणाला, "मान्सं मोजू न्हाई, सायेब."

"का?"

"न्हाई मोजत आमी. खळ्यावर रास मोजतानी बी पयल्या मापाला एक म्हनत न्हाई. लाभ म्हनतो. मंग दोन, तीन."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! बाई इतकी वर्षं या लोकांत राहिल्या. त्या 'लाभ' म्हणून सुरुवात करत असणार आणि पुढच्याला 'एक' म्हणत असणार. झालं की एक जास्त. मी धावत बाईंकडे गेलो. त्यांनी माझ्यासमोर बाकावरच्या औषधाच्या बाटल्या मोजून दाखवल्या. एक, दोन, तीन. अगदी बरोबर. आणि तेहेतीस डोकी तर मीही मोजली होती. मी काही 'लाभ' म्हणालो नव्हतो.

घरी येताना एसटीत मी ठरवलं की हा प्रकार कुडाच्या मागच्या बाजूने होत असणार. कोणीतरी आत येतो आणि सटकतो. कशासाठी, ते नंतर बघू. आधी पकडू.

आमच्या कंपनीत पूर्वी पंचिंगचं घड्याळ नव्हतं. कामगारांना नंबर कोरलेले पितळी बिल्ले असायचे. घड्याळ आल्यावर ते बिल्ले भंगारात निघाले. मी स्टोअरच्या माणसाला सांगून एक ते साठ नंबरचे बिल्ले मागून घेतले. प्रत्येकाच्या कडेला कानशीने एक बारीक खाच पाडली. हो, तेवढाही विश्वास नव्हता माझा! कोणी दुसरा बिल्ला आणून टाकला तर? मग ते सगळे नंबरवार तारेत ओवले आणि फेब्रुवारीत पुन्हा उंबरदऱ्याला गेलो.

या वेळी मी दारात उभा राहिलो. येणाऱ्याच्या हातावर एकेक बिल्ला ठेवायचा, माणूस आत जायचा. आत बाई नावांवर खूण करत होत्या. मागच्या कुडाला आदल्या दिवशीच फिरून आलो होतो, मांजर शिरेल एवढी फट नव्हती. लोकांना गंमत वाटत होती. एका म्हातारीने बिल्ला गळ्यातल्या पोतीत ओवला. चिमा नावाची पोटुशी बाई होती, तिने विचारलं, "ह्यो परत द्याचा का ठेवाचा?" सगळे हसले.

सगळे आत गेल्यावर मी तार बघितली. पुढचा नंबर छत्तीस. म्हणजे पस्तीस बिल्ले दिले. बाईंच्या यादीत खुणा चौतीस.

मी म्हणालो, बिल्ल्यासकट हात वर करा. म्हातारीने पोत वर धरली. दारातून उजेड येत होता आणि पितळ चमकत होतं. मी चमक मोजली. पस्तीस. दार लावून घेतलं, स्वतः दारात उभा राहिलो.  आता माझ्या हातातून कोणी सुटत नव्हता.

मी म्हटलं, एकेकाने यायचं, बिल्ला बिस्किटाच्या डब्यात टाकायचा, नाव सांगायचं. मी वहीत नंबरापुढे नाव लिहीत गेलो. शेवटचा माणूस आला, झोपडी रिकामी झाली. वहीत चौतीस नावं होती. डब्यात चौतीस बिल्ले. तेवीस नंबरच्या पुढची ओळ कोरी होती.

मी आत जाऊन जमीन चाचपली. सारवलेली साफ जमीन, बिल्ला लपायला जागाच नाही. बाहेर सगळे उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आत शेवटपर्यंत राहिलेलं माणूस एकच — एस्तेरबाई.

पुढचं सांगायला मला आजही जड जातं. कंपनीत सुट्टी झाली की गेटवर झडती घ्यायची पद्धत होती. डबा उघडा, पिशवी उघडा. कोणाला त्यात काही वाटत नसे, मलाही नाही. त्याच सवयीने मी बाईंच्या समोर गेलो आणि त्यांच्या लोकांसमोर म्हणालो, "बाई, पिशवी दाखवा."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी खांद्यावरची पिशवी काढली आणि खाली बसून एकेक वस्तू मातीवर मांडली. गीतांचं पुस्तक. बँडेजची गुंडाळी. कंगवा. थर्मामीटर. कागदात बांधलेल्या गोळ्या. अर्धी भाकरी. पिशवी उलटी करून झटकली. बिल्ला नव्हता.  चिमा तेवढी पुढे आली, पोट सावरत खाली बसली आणि एकेक वस्तू पिशवीत परत भरायला लागली.

बाई उठल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, आता तुमचेही खिसे बघा." मी बघितले. तेवढा त्यांचा हक्क होता. माझ्याकडेही नव्हता.

वाळकूबाबा काठी टेकत जवळ आला. "सायेब, ज्याला दिला त्यानं नेला. कुनाला दिला त्ये आठवा की."

आठवा! मी तिथेच दगडावर बसून आठवायचा प्रयत्न केला. बावीस नंबर म्हातारीचा. चोवीस चिमाच्या नवऱ्याचा. मधला हात... काही नाही. सतरा-अठरा वर्षं गेटवर उभा राहिलो होतो, माणसाच्या तोंडाकडे बघायची सवयच नव्हती. हात यायचा, मी बिल्ला बघायचो, नंबर बघायचो. पुढे ज्या थोड्या लोकांना मी हे सांगितलं त्यांतल्या प्रत्येकाने, विशेषतः भाविकांनी, डोळे मोठे करून विचारलंय, "त्या हातावर खिळ्याची काही खूण होती का हो?" मी बघितली नाही. मी हात बघत नाही, बिल्ला बघतो. आणि 'दोघं-तिघं माझ्या नावाने जमतात तिथे मी असतो' हे येशूचं वचन मलाही पाठ आहे, कृपा करून ते मला कोणी ऐकवू नका. ते आठवलं की सगळं सोपं होतं, आणि मला सोपं नको आहे.

चिंचवडला येऊन मी रिपोर्ट लिहिला. बिल्ल्यांचा उल्लेखही केला नाही, कारण पस्तीस देऊन चौतीस परत आले म्हणजे माझीच लाज. एवढंच लिहिलं — "गणतीत तफावत खरी आहे. हजेरी घेणाऱ्या व्यक्तीवर विसंबता येणार नाही." सही केली. कमिटीला तेवढं पुरलं. ईस्टर झालं की उंबरदऱ्याचं काम बंद करायचं असं ठरलं.

मी तिसऱ्यांदा गेलो तो किल्ल्या आणि रजिस्टर ताब्यात घ्यायला. उंबरदऱ्याची ती शेवटची उपासना. हिरडा गोळा करायचे दिवस होते, माणसं रानातून थेट आली होती. मी सवयीने मोजलं. नावं अडतीस, डोकी अडतीस. पुन्हा मोजलं. अडतीसच! तिसऱ्यांदा मोजलं.

बाई औषधांची पेटी बांधत होत्या. मी त्यांच्याजवळ गेलो आणि... त्या वेळचा माझा आवाज आठवला की अजून शरम वाटते... म्हणालो, "बघा बाई. आज बरोबर भरलं."

त्यांचा हात सुतळीवर थांबला. "हो," त्या म्हणाल्या. "मी पण मोजलं. आज बरोबर भरलं." आणि त्या रडायला लागल्या. झडतीच्या वेळी रडल्या नव्हत्या, किल्ल्या देताना रडल्या नव्हत्या. मला वाटलं, पकडल्या गेल्याचं रडू आहे.

बाई गुरुवारपर्यंत वर राहणार होत्या, दोन-तीन आजारी माणसांची व्यवस्था लावायला. मी रविवारी संध्याकाळी परत आलो.

पुढच्या... नाही, नातीने मघाशी वार जुळत नाहीत म्हणून मला थांबवलं. बरोबर आहे तिचं. बाई लगेचच्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी निघणार होत्या. मध्ये एक रविवार होता आणि सगळं त्या रविवारी झालं.

त्या रविवारी आमच्या चर्चमध्ये नेहमीसारखी सकाळची उपासना. अर्पणाच्या गीताला डाव्या बाजूच्या बाकांपुढून दानाची पिशवी फिरवायचं काम माझं. लांब दांड्याची मखमली पिशवी, माणूस मूठ आत घालतो, काय टाकलं ते दिसत नाही. मी त्याआधी सवयीने डोकी मोजली होती. घरं ओळखीची, कोण आलं कोण नाही ते मला पाठ. बासष्ट असायला हवी होती, त्रेसष्ट भरली. वाटलं, कोणाचा तरी पाहुणा असेल.

उपासनेनंतर मागच्या खोलीत टेबलावर पिशवी पालथी केली. खजिनदार हसले. "भालेराव, हे बघा. तुमच्या कंपनीतल्या कोणीतरी देवाला टोकन दिलंय."

पितळी बिल्ला. मी उचलला. तेवीस. कडेवर नख फिरवलं... कानशीची खाच होती.

पाळकसाहेब त्याच खोलीत होते, चार पावलांवर, झगा काढून खुंटीला लावत होते. बाई अजून वर होत्या. काम बंद झालं तरी चार दिवस हातात होते. मी एवढंच म्हणायचं होतं की साहेब, माझा रिपोर्ट चुकला, गणती बाईंची बरोबर होती. ते हसले असते. खजिनदार हसले असते. दुसऱ्या दिवशी गेटवर सगळी शिफ्ट हसली असती की टाइमकीपरला न दिसणारा माणूस सापडला.

"माझाच पडला असेल," मी म्हणालो आणि बिल्ला खिशात टाकला.

गुरुवारी एस्तेरबाई खाली उतरल्या आणि जालन्याकडे भावाच्या घरी निघून गेल्या.

मग मी काय केलं? जे येतं तेच केलं, चौकशी. बिल्ल्याचं माहीत कोणाला होतं? चिंचवडमध्ये कोणालाच नाही, मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. वाडीतलं कोणी आलं होतं का? डाव्या बाजूच्या प्रत्येक घरी काही ना काही कारण काढून जाऊन आलो, नवा पाहुणा कोणाकडे आला नव्हता. बाईंनी कोणाच्या हाती पाठवला असेल? पण झडतीत तो नव्हता. घरी जाऊन तार बघितली. बावीस, मग चोवीस, मध्ये जागा. माझ्या कोटाच्या अस्तरात राहिला असेल आणि पिशवीत पडला असेल? त्या कोटाचं अस्तर मी उसवून बघितलं, कुठे भोक नव्हतं. शिवाय उन्हाळा होता, त्या दिवशी मी कोट घातलाच नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत उंबरदऱ्याला गेलो. झोपडीच्या कुडाला वाळवी लागली होती. वाळकूबाबा दारात बसला होता, मला बघून उठला नाही. मी बिल्ला दाखवला, कसा सापडला ते सांगितलं. त्याला काहीच नवल वाटलं नाही. "हितं दार लावलं तुमी," तो म्हणाला. "मंग त्यो तरी कुठं बसंल?"

निघताना मी सगळ्यांची खुशाली विचारली. चिमाचं नाव घेतलं तेव्हा तो म्हणाला, "चिमा गेली. बाळातपनात. पावसात वढ्याला पानी, खाली न्यायला जमलं न्हाई." बाई असत्या तर ती वाचली असती असं तो म्हणाला नाही. मीही स्वतःला ते कधी सिद्ध करून देऊ शकलो नाही. पण तिने मातीवरून उचललेला तो कंगवा, त्या गोळ्यांच्या पुड्या... ते मला फार वर्षं दिसत राहिलं. मी फार वाईट वागलो होतो. हे लिहायलाच हवं होतं, ते लिहिलं.

एस्तेरबाईंना गाठायला मला सात वर्षं लागली. पत्ता मिळत नव्हता असं मी सांगायचो, पण ते खोटं. धीर होत नव्हता. गेलो तेव्हा त्या अंगणात खाटेवर बसल्या होत्या, डोळ्यांना कमी दिसत होतं. मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "सलाम भाऊ, बसा." जसं काही झालंच नव्हतं.

मी बिल्ला त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. रिपोर्टमध्ये काय लिहिलं ते, खिशात का टाकला ते, चिमाचंही. त्या अंगठ्याने बिल्ल्यावरचा आकडा चाचपत राहिल्या. 

"माफ करा असं म्हणायला आलोय," मी म्हणालो.

"ते मी त्याच दिवशी केलं होतं. नाहीतर त्या गुरुवारी मला डोंगर उतरवला नसता." मग त्यांनी विचारलं, "भाऊ, पिशवी तुम्ही स्वतः फिरवली ना? मग टाकला कोणी?"

"बघितलं नाही. मी पिशवीकडे बघत होतो."

"आणि वर? तुम्ही स्वतः हातावर ठेवला तेव्हा?"

"तेव्हाही मान वर केली नाही."

"दोनदा समोर आलं की हो," त्या म्हणाल्या. रागाने नाही, अगदी हळहळून म्हणाल्या, आणि बिल्ला माझ्या हातात परत ठेवला.

काय झालं होतं ते मला आजही माहीत नाही. कोणी फसवलं असेल तर कसं, ते सांगणारा अजून भेटला नाही, आणि मी शोधणं सोडलेलं नाही. माझा संशय बाईंवरून उठला, वाळकूबाबावरून उठला, आता माझ्यावर येऊन बसलाय, तिथून काही हलत नाही.

एक सवय मात्र बदलली. जालन्याहून आल्यापासून मी चर्चच्या दारात उभा राहतो. येणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवतो आणि तोंडाकडे बघतो, लहानथोर कोणी सोडत नाही. बायको म्हणायची, किती टक लावून बघता हो, लोक घाबरतात. मग आत जाऊन मागच्या बाकावर बसतो आणि डोकी मोजतो.

चाळीसहून जास्त वर्षं झाली. दर रविवारी गणती बरोबर भरते. एकदाही एक जास्त आलेलं नाही.